अकिता श्वान जतन मंडळ : एका प्रादेशिक संस्थेचा इतिहास आणि ‘शुद्ध’ जातीची घडण

प्रस्तावना

आपल्या विद्यापीठांतील पदवी व पदव्युत्तर वर्गांना आधुनिक जपानचा इतिहास दीर्घकाळ शिकविला जात आहे. १८५३ मधील पेरीचे आगमन, १८६८ ची मेइजी पुनःस्थापना, १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध, १९३१ मधील मांचुरियावरील आक्रमण आणि १९४५ चा पराभव या टप्प्यांभोवती ही मांडणी फिरते. तिच्या केंद्रस्थानी सम्राट, मंत्रिमंडळ, लष्कर आणि मोठी उद्योगघराणी असतात. लहान गावांतील नागरी संस्थांना मात्र तिच्यात फारसे स्थान मिळत नाही. वस्तुतः राष्ट्रवादासारखी व्यापक प्रक्रिया सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत कशी पोहोचली, हे समजून घ्यावयाचे असेल तर अशा संस्थांचा इतिहास अधिक उपयुक्त ठरतो.

प्रस्तुत लेखात उत्तर जपानमधील ओदाते या गावी १९२७ साली स्थापन झालेल्या ‘अकिता इनु होझोनकाई’ या संस्थेचा विचार केला आहे. जपानी भाषेत ‘इनु’ म्हणजे कुत्रा आणि ‘होझोनकाई’ म्हणजे जतन करणारे मंडळ. एका प्रदेशातील एका कुत्र्याच्या जातीचे रक्षण हे या मंडळाचे घोषित उद्दिष्ट होते. हे उद्दिष्ट वरवर साधे वाटले तरी त्याच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे. जी जात आधीच मिश्र झाली होती, तिचे ‘मूळ’ रूप कोणते आणि ते कोणी ठरवावयाचे? मंडळाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अकिता श्वान जतन मंडळाच्या स्थापनेमागील सामाजिक व वैधानिक पार्श्वभूमी पाहणे.
२. १९३० च्या दशकातील राष्ट्रवाद आणि श्वानजतन यांचा संबंध तपासणे.
३. युद्धोत्तर काळात एकाच जातीच्या दोन जाती कशा झाल्या, याचा मागोवा घेणे.
४. या अनुभवाच्या आधारे दख्खनमधील कारवान अथवा मुधोळ कुत्र्याच्या इतिहासलेखनाकडे पाहणे.

शिकारी कुत्रा ते झुंजीचा कुत्रा

अकिता हा होन्शू बेटाच्या उत्तरेकडील बर्फाळ व डोंगराळ प्रदेश. तेथील डोंगरांत ‘मातागी’ या नावाने ओळखला जाणारा शिकाऱ्यांचा समाज अस्वलाची शिकार करीत असे. त्यांच्यासोबत असणारा मध्यम बांध्याचा, ताठ कानांचा व पाठीवर वळलेल्या शेपटीचा कुत्रा हा आजच्या अकिता कुत्र्याचा पूर्वज मानला जातो. सतराव्या शतकापासून या कुत्र्यांचा झुंजीसाठीही उपयोग होऊ लागला.

मेइजी काळात या कुत्र्याच्या देहयष्टीत मोठा बदल घडला. झुंजीत वजनाला व आकाराला महत्त्व असल्यामुळे त्याचा संकर शिकोकू बेटावरील तोसा कुत्र्याशी आणि मॅस्टिफ या युरोपीय जातीशी करण्यात आला. तोसा झुंजी कुत्र्याच्या घडणीतही युरोपीय जातींचा वाटा होता. परिणामी ओदाते परिसरातील कुत्रा आकाराने वाढला, परंतु त्याची मूळची ठेवण पुसट होत गेली. १९०८ मध्ये श्वानझुंजींवर बंदी आली आणि ज्या कारणासाठी हा कुत्रा मोठा केला गेला होता, ते कारणच संपले.

याच काळात जपानी शहरांत देशी कुत्र्याची प्रतिष्ठा खालावली होती. पाश्चात्त्य कुत्रा हे सुधारणेचे आणि घरंदाजपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. इंग्रज व अमेरिकन माणसे आपल्या कुत्र्याला ‘कम हिअर’ अशी हाक मारीत. त्यावरून पाश्चात्त्य कुत्र्यासाठी ‘कामे’ हा शब्दच जपानी भाषेत रूढ झाला. देशी कुत्रा मात्र रस्त्यावरचा, बेवारशी व रोग पसरविणारा ठरला. परकीय सत्तेच्या सान्निध्यात देशी वस्तूचे मोल कसे उतरते, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको.

१९१९ चा कायदा आणि ओदातेची निराशा

पहिल्या महायुद्धानंतर जपानमध्ये देशी वारशाविषयी नवी जाणीव निर्माण झाली. १९१९ मध्ये ऐतिहासिक स्थळे, निसर्गरम्य स्थाने आणि नैसर्गिक स्मारके यांच्या जतनाचा कायदा संमत झाला. ‘नैसर्गिक स्मारक’ या संज्ञेत प्राणी व वनस्पती यांचाही समावेश होता. एखादा जिवंत प्राणी किल्ल्याप्रमाणे किंवा मंदिराप्रमाणे राष्ट्राचे स्मारक ठरू शकतो, ही कल्पना या कायद्यामुळे शासकीय व्यवहारात आली.

प्राणिशास्त्रज्ञ वातासे शोझाबुरो हे या चळवळीतील एक प्रमुख नाव. १९२० मध्ये ते कुत्र्यांची पाहणी करण्यासाठी ओदाते येथे आले. परंतु संकर इतका झाला होता की स्मारक म्हणून घोषित करण्याजोगे कुत्रे त्यांना आढळले नाहीत. या नकाराचे महत्त्व मोठे आहे. पाहणीला येणाऱ्या तज्ज्ञाच्या मनात ‘अस्सल जपानी कुत्र्या’ची एक प्रतिमा होती आणि गावातील प्रत्यक्ष कुत्रे तिच्याशी जुळत नव्हते. अशा वेळी एकतर प्रतिमा बदलावी लागते किंवा कुत्रे. ओदातेने दुसरा मार्ग स्वीकारला.

मंडळाची स्थापना आणि नऊ कुत्रे

१९२७ मध्ये ओदातेचे नगरप्रमुख इझुमि शिगेइए यांच्या पुढाकाराने अकिता श्वान जतन मंडळाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, साइतो हिरोकिची यांनी टोकियोत सर्व जपानी जातींसाठी ‘निहोन-केन होझोनकाई’ म्हणजे जपानी श्वान जतन मंडळ स्थापन केले. एक संस्था गावाची व एका जातीची, तर दुसरी राजधानीची व सर्व जातींची. स्थानिक संस्था आधी निर्माण झाली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. राजधानीत ठरले आणि गावाने अंमलात आणले, असा सरळ क्रम येथे दिसत नाही. गावाला स्वतःच्या प्रतिष्ठेची चिंता होती आणि त्या चिंतेतून गावाने राष्ट्राच्या भाषेत बोलावयास सुरुवात केली.

निवडक पैदाशीच्या या प्रयत्नांना लवकरच यश आले. टोकियोतील प्राणिशास्त्रज्ञ काबुरागी तोकिओ यांच्या पाहणीनंतर जुलै १९३१ मध्ये नऊ उत्तम कुत्रे निवडण्यात आले आणि अकिता ही नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झालेली पहिली जपानी श्वानजात ठरली. अवघ्या अकरा वर्षांपूर्वी ज्या गावात योग्य कुत्रा सापडला नव्हता, तेथे आता नऊ सापडले. येथे ‘जतन’ या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. मंडळाने जे होते ते केवळ राखले असे नव्हे, तर जे असावयास हवे होते ते निवडीतून घडविले.

१९३८ मध्ये मंडळाने अकिता जातीचे लिखित मानक तयार केले. येथून पुढे कुत्र्याची ओळख मालकाच्या शब्दावर किंवा डोंगरातील कामगिरीवर अवलंबून राहिली नाही. मानक, वंशावळीची नोंद आणि प्रदर्शनातील परीक्षक या तीन साधनांनी ती ठरू लागली. ही साधने जपानी नव्हती. १८५९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरलेले श्वानप्रदर्शन आणि १८७३ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला केनेल क्लब यांच्या परंपरेतून ती जगभर पसरली होती. पाश्चात्त्य कुत्र्यापासून देशी कुत्र्याला वाचविण्यासाठी वापरलेली पद्धत पाश्चात्त्यच होती, हा या इतिहासातील एक मोठा अंतर्विरोध होय.

हाचिको : गावचा कुत्रा, राष्ट्राचा आदर्श

मंडळाच्या कार्याला जी लोकप्रियता लाभली, तिच्यामागे ओदाते परिसरातच नोव्हेंबर १९२३ मध्ये जन्मलेल्या हाचिको या कुत्र्याचा वाटा फार मोठा आहे. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील कृषिशास्त्राचे प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो यांच्याकडे तो १९२४ च्या आरंभी आला. मे १९२५ मध्ये प्राध्यापकांचे आकस्मिक निधन झाले. त्यानंतरही अनेक वर्षे हाचिको शिबुया स्थानकावर येत राहिला. साइतो यांच्या प्रयत्नातून ऑक्टोबर १९३२ मध्ये त्याची हकीकत ‘असाही’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. एप्रिल १९३४ मध्ये आंदो तेरू यांनी घडविलेल्या त्याच्या कांस्य पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा हाचिको स्वतः तेथे उपस्थित होता. ८ मार्च १९३५ रोजी त्याचा मृत्यू झाला.

ही कथा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. तथापि तिचा प्रसार ज्या काळात झाला, त्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. अकिता जातीची घोषणा जुलै १९३१ मधील आणि मांचुरियातील लष्करी कारवाई सप्टेंबर १९३१ मधील. प्राथमिक शाळेच्या नीतिपाठाच्या पुस्तकात हाचिकोची गोष्ट उपकार विसरू नयेत या शिकवणीखाली समाविष्ट झाली. स्वामिनिष्ठा हा ज्या राज्यव्यवस्थेचा पाया होता, तिला असा कुत्रा आयताच मिळाला. मालकाची वाट पाहणारा एक प्राणी सम्राटनिष्ठ प्रजाजनाचे प्रतीक झाला.

आणखी एक तपशील बोलका आहे. वृद्धपणी हाचिकोचा डावा कान लुळा पडला होता आणि पुतळ्यातही तो तसाच दिसतो. टोकियोतील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात जतन केलेल्या त्याच्या देहाचे कान मात्र दोन्ही ताठ आहेत. जातीच्या आदर्श रूपात ताठ कान अपेक्षित होते. प्रत्यक्ष प्राणी आणि त्याचे आदर्श रूप यांतील अंतर मृत्यूनंतर असे मिटविले गेले.

१९३७ मध्ये हेलन केलर अकिता येथे आल्या असता त्यांना ‘कामिकाझे-गो’ नावाचे पिल्लू भेट देण्यात आले. ते अल्पावधीत दगावल्यावर १९३९ मध्ये त्याचाच भाऊ ‘केन्झान-गो’ अमेरिकेत पाठविण्यात आला. दोन देश युद्धाच्या उंबरठ्यावर असताना अकिता प्रदेशातील एक प्राणी सदिच्छेचा वाहक झाला, ही गोष्ट प्रादेशिक प्रतीकाच्या राष्ट्रीय उपयोगाची दुसरी बाजू दर्शविते.

युद्धकाळ : स्मारकाची परीक्षा

युद्धाने या सर्व प्रतिष्ठेची कसोटी पाहिली. अन्नटंचाई तीव्र होती आणि लष्करी पोशाखासाठी कुत्र्यांची कातडी वापरली जात होती. लष्करी उपयोगाचे जर्मन शेफर्ड वगळता अन्य कुत्रे पकडून जप्त करण्याचे आदेश पोलिसांनी काढले. ज्या राज्यसंस्थेने या कुत्र्याला राष्ट्राचे स्मारक ठरविले होते, तिच्याच यंत्रणेपासून तो आता लपवावा लागला. काही मालकांनी आदेशातून सुटका करून घेण्यासाठी आपल्या अकितांचा जर्मन शेफर्डशी संकर केला. शुद्धता राखण्यासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीतील प्राण्यांचा जीव अशुद्धतेने वाचला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. शिबुया येथील हाचिकोचा पुतळाही धातूसाठी वितळविला गेला. आज तेथे दिसतो तो १९४८ मध्ये उभारलेला पुतळा होय.

केवळ शासकीय घोषणेने प्राणी वाचत नाही, याचा आणखी स्पष्ट पुरावा ‘कोशी’ या जपानी जातीच्या इतिहासात मिळतो. १९३४ मध्ये नैसर्गिक स्मारक ठरलेली ही जात पुढे १९७० च्या दशकारंभी नामशेष झाली. अकिता टिकला, याचे श्रेय त्यामुळे कायद्यापेक्षा गावोगावच्या पाळणाऱ्यांना आणि त्यांना एकत्र बांधणाऱ्या संस्थेला अधिक द्यावे लागते.

एक नाव, दोन कुत्रे

युद्ध संपले तेव्हा अकितांची संख्या अत्यल्प होती आणि त्यांत तीन प्रकार होते : मातागी वळणाचे, झुंजीच्या वळणाचे आणि शेफर्डच्या संकराचे. पुनरुज्जीवनाच्या आरंभकाळात जुन्या देवा प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेतील ‘कोंगो-गो’ हा कुत्रा विलक्षण लोकप्रिय झाला. या शाखेवर मॅस्टिफ व शेफर्डची छाप होती. जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांना हे भारदस्त कुत्रे आवडले व त्यांनी ते मायदेशी नेले. १९५६ मध्ये अमेरिकेत अकिता क्लब स्थापन झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीला पूर्ण मान्यता दिली. मात्र जपानी वंशावळींना तेथे दीर्घकाळ मान्यता नसल्यामुळे जपानमधून नवे रक्त तिकडे जाण्याचा मार्ग बंद राहिला.

दरम्यान जपानमध्ये देवा शाखेविषयी असमाधान वाढले. परकीय लक्षणे घालवून ‘मूळ’ अकिता परत मिळविण्यासाठी मातागी वळणाच्या कुत्र्यांचा वापर करण्यात आला. लालसर, तिळी, पट्टेरी आणि पांढरा हेच रंग ग्राह्य ठरले आणि तोंडावरचा काळा मुखवटा दोष ठरला. अमेरिकेत मात्र हाच मुखवटा स्वीकारार्ह राहिला. अशा रीतीने एका गावातून निघालेल्या कुत्र्याची दोन देशांत दोन रूपे झाली. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने २००० पासून त्यांना दोन स्वतंत्र जाती मानले. अमेरिकन रूपाला प्रथम ‘ग्रेट जॅपनीज डॉग’ हे नाव देण्यात आले व २००६ मध्ये ते ‘अमेरिकन अकिता’ असे करण्यात आले.

या विभाजनात खरा अकिता कोणता, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने गौण आहे. अमेरिकन कुत्र्यात १९४० च्या दशकातील ओदातेचा इतिहास जसाच्या तसा उतरला आहे, तर जपानी कुत्र्यात तो इतिहास पुसण्याचा प्रयत्न दिसतो. दोन्ही कुत्रे तितकेच आधुनिक आहेत.

दख्खनच्या संदर्भात

हा अनुभव आपल्यासाठी दूरचा नाही. दख्खनच्या पठारावर कृश, वेगवान व लांब मुस्कटाचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. महाराष्ट्रात तो ‘कारवान’ म्हणून व त्याचा रेशमी केसांचा प्रकार ‘पश्मी’ म्हणून ओळखला जातो. कर्नाटकात त्याला मुधोळ या जुन्या संस्थानाचे नाव मिळाले. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅराव्हॅन हाउंड’ या नावाने करतो, तर २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर त्याचे नाव ‘मुधोळ हाउंड’ असे आहे. एका नावात फिरस्त्यांचा तांडा आहे, तर दुसऱ्यात राजगादी. नावाच्या निवडीबरोबर इतिहासाचा नायकही बदलतो.

मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी पाचव्या जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याची हकीकत वारंवार सांगितली जाते. काही लेखनात हा प्रसंग १९३७ मधील असल्याचे म्हटले आहे. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच निवर्तला असल्यामुळे हे वर्ष ग्राह्य धरता येत नाही. अशी साधी विसंगतीही दीर्घकाळ नजरेआड राहते, कारण श्वानजातींच्या इतिहासाकडे आपण इतिहास म्हणून पाहिलेलेच नाही. १९६३ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यू. व्ही. सोमण यांच्या ‘द इंडियन डॉग’ या ग्रंथासारखे प्रयत्न विरळच.

ओदाते व मुधोळ यांच्यातील मुख्य भेद आश्रयाच्या स्वरूपात आहे. मुधोळमध्ये आश्रय राजाचा होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो आधार संपला. ओदातेत आश्रय गावाच्या संस्थेचा होता, म्हणून राज्यव्यवस्था बदलूनही तो टिकला. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर आलेल्या बंदीमुळे कारवान कुत्र्याचे पूर्वापार कामच बेकायदा ठरले. अकिताची झुंज १९०८ मध्ये थांबली, तेव्हा जो प्रश्न ओदातेपुढे उभा होता, तोच येथेही उभा राहिला : काम संपल्यावर प्राण्याचे मोल कशाने ठरवावयाचे?

निष्कर्ष

१. अकिता श्वान जतन मंडळाने तयार असलेली जात केवळ सांभाळली नाही. निवड, मानक आणि वंशनोंद या साधनांनी तिची घडण केली.
२. मंडळाचा उगम स्थानिक अभिमानात होता. १९३० च्या दशकातील राष्ट्रवादाने त्याला बळ दिले आणि त्याच राष्ट्राच्या युद्धाने त्याचा जवळजवळ नाश केला.
३. कायदेशीर दर्जा आवश्यक असला तरी पुरेसा नाही. पाळणाऱ्यांचे सातत्यपूर्ण संघटन हाच जतनाचा खरा आधार होय.
४. या प्रक्रियेत मातागी शिकाऱ्यांचे ज्ञान मागे पडले. अस्वलासमोर कुत्रा कसा उभा राहतो, हे प्रदर्शनाच्या रिंगणात तपासता येत नाही.

‘जात’ आणि ‘शुद्ध रक्त’ हे शब्द मराठी वाचकाला केवळ प्राणिशास्त्रातून माहीत झालेले नाहीत. त्यांच्यामागे कोण निवडतो, कोण वगळला जातो आणि नोंदवही कोणाच्या हाती असते, हे प्रश्न नेहमीच दडलेले असतात. दख्खनच्या कुत्र्याचे मानक अधिक काटेकोर करण्याचे काम पशुवैज्ञानिक व श्वानसंस्था करतील. परंतु हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या ज्या शेतकरी, मेंढपाळ व भटक्या कुटुंबांनी वाढविला, त्यांच्या आठवणी, पारखीचे निकष आणि शब्द लिहून घेण्याचे काम इतिहास व समाजशास्त्र विभागांचे आहे. जिल्ह्याजिल्ह्यातील महाविद्यालयांना ते सहज करता येण्याजोगे आहे. मानक आधी आणि माणसे नंतर असा क्रम ओदातेत लागला. आपल्याकडे तो उलटा लावण्यास अजून अवसर आहे.